मॉडेल रेल्वे इंजिनासाठी इन्सुलेशन टेप: निवड, लावण्याची पद्धत आणि तपासणी

मॉडेल रेल्वेच्या रुळांवर साधारण १२ ते १६ व्होल्ट असतात, बागेतल्या मोठ्या स्केलमध्ये २४ पर्यंत. एवढ्या व्होल्टेजला बाजारातली कुठलीही इन्सुलेशन टेप पुरून उरते. त्यामुळे रिळावर छापलेला ‘६०० व्होल्ट’ किंवा ‘६ किलोव्होल्ट’ हा आकडा पाहून टेप निवडण्याला आपल्या कामात काही अर्थ नाही. इंजिनाच्या पोटातली टेप व्होल्टेजमुळे फुटत नाही. ती तापून सरकते, धातूच्या धारेने किंवा सोल्डरच्या टोकाने टोचली जाते, नाहीतर काही वर्षांत तिचा गोंद सुटतो. म्हणून टेप घेताना विचारायचे प्रश्न तीनच: तिथे जागा किती आहे, तिथे किती तापतं, आणि पुढच्या वेळी इंजिन उघडेपर्यंत गोंद जागेवर राहील का.

धोका नेमका कुठे असतो

साध्या डीसी पद्धतीत रुळावरची वीज चाकांमधून थेट मोटरच्या ब्रशपर्यंत, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज देणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांपर्यंत जाते. जुन्या इंजिनांत तर मोटरचा एक ब्रश सरळ चासीला (इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेला असतो आणि चासी एका बाजूच्या रुळाला. तिथे ती रचनाच तशी आहे, बिघाड नव्हे. डिकोडर, म्हणजे डिजिटल आज्ञा ओळखणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, इंजिनात बसवला की गणित बदलतं. डीसीसीमध्ये (डिजिटल कमांड कंट्रोल) रुळावरची वीज आधी डिकोडरकडे येते आणि मोटरला किती द्यायची ते डिकोडर ठरवतो. अशा वेळी मोटरचं एखादं टोक चासीला लागलं, तर रुळावरचा करंट डिकोडरच्या मोटर चालवणाऱ्या ट्रान्झिस्टरमध्ये नको त्या वाटेने घुसतो. एचओ या प्रचलित स्केलचे बरेचसे डिकोडर एक अँपिअरच्या आसपासचे असतात. रुळांना वीज पुरवणारा बूस्टर मात्र तीन ते पाच अँपिअर सहज देतो. बूस्टरने शॉर्ट ओळखून वीज तोडेपर्यंत डिकोडर गेलेला असू शकतो.

म्हणून जुन्या इंजिनात डिकोडर बसवताना सगळी काळजी आधी मोटरच्या दोन टोकांची घ्यायची. नारिंगी आणि करडी वायर जिथे पोचते ती ही टोकं. चासीच्या खाचेत मोटर बसते तेव्हा तिच्या पोटाखाली ब्रशची पितळी पट्टी किंवा स्प्रिंग आणि धातूची चासी यांच्यात कधी कधी अर्ध्या मिलिमीटरचंही अंतर नसतं. तिथे टेप लागतेच.

एचओहून लहान अशा एन स्केलच्या बऱ्याच इंजिनांत चासीचे उभे दोन भाग असतात. एक डाव्या रुळाला जोडलेला, दुसरा उजव्या. मधे प्लास्टिकचे तुकडे घालून ते वेगळे ठेवलेले असतात. अशा इंजिनात डिकोडरच्या दोन्ही बाजूंना वीज असलेला धातू असतो, त्यामुळे काहीही कुठेही टेकून चालत नाही. ज्यांना पहिल्यांदाच डिकोडर बसवायचा आहे, त्यांनी अशा इंजिनापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मोटरच्या खालोखाल डिकोडरची पाठ, एलईडीच्या रेझिस्टरचे उघडे पाय, स्पीकरची टोकं आणि कीप-अलाइव्ह कपॅसिटरचे (रुळावरची वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणाऱ्या कपॅसिटरचे) पाय. निळी वायर ही दिव्यांची सामाईक पॉझिटिव्ह असते आणि तिचं वापरात नसलेलं मोकळं टोक बॉडीत तसंच लोंबकळत ठेवण्याची सवय बऱ्याच जणांना असते. न वापरलेली प्रत्येक वायर एकेकटी झाकली पाहिजे. सगळी मोकळी टोकं एकत्र गुंडाळून एकच टेप मारली, तर ती टेपच्या आत एकमेकांना टेकतात.

टेपचे प्रकार, आपल्या कामाच्या क्रमाने

पॉलिइमाइड टेप ही इंजिनाच्या आतल्या कामाची पहिली निवड. हिला बहुतेक जण कॅप्टॉन टेप म्हणतात. कॅप्टॉन हे ड्यूपॉन्टने १९६० च्या दशकात आणलेल्या फिल्मचं व्यापारी नाव. अपोलो मोहिमांच्या चांद्रयानावरच्या सोनेरी वेष्टनातही हीच फिल्म होती. मधासारखा पारदर्शक रंग, फिल्म साधारण २५ मायक्रॉनची, वर सिलिकॉनचा गोंद, मिळून जाडी ६० ते ७० मायक्रॉन. म्हणजे मिलिमीटरचा साधारण पंधरावा भाग. बॉडी आणि चासी यांच्यात जिथे कागद सरकेल एवढीच जागा आहे, तिथे ही बसते. फिल्म वितळतच नाही आणि चांगल्या टेपचा गोंद २६० अंशांपर्यंत थोडा वेळ तग धरतो. शेजारी सोल्डर करताना इस्त्रीचं (सोल्डरिंग आयर्नचं) टोक चुकून लागलं तरी तिचं फारसं बिघडत नाही.

तिचे दोष माहीत असावेत. कडेला बारीकशी चीर पडली की ती चीर भराभर पुढे धावते. ती ताणली जात नाही, त्यामुळे गोल किंवा वेड्यावाकड्या भागावर नीट बसत नाही, सुरकुत्या पडतात. आणि पारदर्शक असल्यामुळे दिव्याचा प्रकाश अडवत नाही.

पॉलिएस्टर टेप म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीवर दिसणारी पिवळी टेप. जाडी जवळजवळ तेवढीच, गोंद अ‍ॅक्रिलिक, उष्णता साधारण १३० अंशांपर्यंत. ही पॉलिइमाइडपेक्षा स्वस्त असते आणि चीर पडली तरी तितकी फाटत नाही. सोल्डरिंग आधीच उरकलं असेल, तर चासीच्या भिंतीवर लावायला मला हीही तितकीच योग्य वाटते. सोल्डरिंग मात्र तिच्याजवळ करू नका; इस्त्री लागली की आकसते आणि वितळते.

काळी पीव्हीसी टेप इंजिनात वापरू नये. हे इतक्या ठामपणे लिहिण्याची कारणं आहेत. पहिलं, ती जाड आहे: ०.१३ ते ०.१८ मिलिमीटर, म्हणजे पॉलिइमाइडच्या साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त. दोन फेरे घातले की बॉडी बसत नाही, मग माणूस दाबून बसवतो आणि वायर चेपते. दुसरं, साधारण दर्जाची टेप ८० अंशांपर्यंतचीच असते आणि त्याच्या बरंच आधी तिचा गोंद मऊ होऊन घसरू लागतो. तिसरं कारण सगळ्यात गंभीर. पीव्हीसी मुळात कडक असतं; ते लवचिक व्हावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. हा पदार्थ वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर झिरपतो. गोंदाचा चिकट लगदा होतो तो यामुळेच, आणि शेजारी पॉलिस्टायरीन असेल तर तेही मऊ पडतं. मॉडेलच्या कितीतरी बॉडी पॉलिस्टायरीनच्याच असतात. जुन्या इंजिनाची बॉडी उघडल्यावर आत जो काळपट चिकट थर बोटाला लागतो, तो बहुतेक वेळा अशा टेपचाच असतो.

हीच टेप बेसबोर्डखाली मात्र कामाची आहे. त्याबद्दल पुढे.

हीट श्रिंक स्लीव्ह (उष्णतेने आकसणारी नळी) ही टेप नव्हे, पण दोन वायरींच्या जोडावर तिच्याशी बरोबरी करणारी टेप नाही. डिकोडरच्या बारीक वायरींना एक ते दीड मिलिमीटर व्यासाची स्लीव्ह पुरते. सोल्डर करण्याआधी ती वायरीत ओवून जोडापासून लांब सरकवून ठेवायची, नाहीतर इस्त्रीच्या धगीनेच आकसून बसते. जोड थंड झाला की जागेवर आणून गरम हवा द्यायची. आजूबाजूला प्लास्टिक असेल तर हवेचा झोत थेट त्यावर जाऊ देऊ नका. बॉडी आधी बाजूला काढून ठेवा.

दुहेरी फोम टेप ही धरून ठेवण्यासाठी आहे. एक मिलिमीटर जाडीचा छोटा तुकडा डिकोडर जागेवर बसवायला चांगला. डिकोडरच्या खालच्या उंचसखल भागांना धातूपासून अंतर मिळतं. पण फोममध्ये हवा भरलेली असते आणि तो उष्णता अडवतो, हे लक्षात ठेवा.

सेलोटेप, पेंट करताना लावतात ती कागदी मास्किंग टेप आणि कापडी डक्ट टेप यांना इंजिनात जागा नाही. कागद ओल शोषतो, सेलोटेपचा गोंद वाळून पापुद्रा सुटतो. अ‍ॅल्युमिनिअम आणि तांब्याची टेप तर वीज वाहून नेते. प्रकाश अडवण्यासाठी अ‍ॅल्युमिनिअमची टेप वापरण्याचा सल्ला कधी कधी दिला जातो. ती वापरायचीच असेल तर तिच्यावर पॉलिइमाइडचा थर हवाच. ब्रशने लावायची द्रव टेपही मिळते, पण तिच्यातलं सॉल्व्हंट पॉलिस्टायरीन खातं, म्हणून ती धातूपुरतीच ठेवा.

विकत घेतलेली टेप खरी आहे का ते पाहा

मधाच्या रंगाची प्रत्येक टेप पॉलिइमाइडची असतेच असं नाही. रंगवलेली पॉलिएस्टरही त्याच रंगात विकली जाते. तपासणं सोपं आहे. एक तुकडा काचेवर किंवा सिरॅमिक टाइलवर चिकटवा आणि साधारण ३५० अंशांवरच्या इस्त्रीचं टोक त्यावर दोन-तीन सेकंद ठेवा. पॉलिएस्टर साधारण २६० अंशांच्या आसपासच वितळतं, त्यामुळे लगेच भोक पडेल आणि कडा आकसतील. पॉलिइमाइडवर फार तर डाग पडेल. हे करताना खिडकी उघडी ठेवा.

गोंदाचीही परीक्षा घ्या. तुकडा धातूच्या कोपऱ्यावर काटकोनात दुमडून लावा आणि तापत्या दिव्याजवळ एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी कड उचललेली दिसली तर ती टेप मोटरखाली लावू नका. रुंदी ६ आणि १० किंवा १२ मिलिमीटर अशी दोन रिळं पुरतात. रिळ उघडं ठेवलं की कडांवर धूळ बसते आणि चिकटवलेल्या तुकड्याच्या नेमक्या कडाच सुटतात. झिप पिशवीत ठेवा.

लावण्याची पद्धत

१. आधी मोजा, मग टेप हातात घ्या. डिकोडर जोडण्याआधी मोटर चासीत बसवून मल्टीमीटरने मोटरच्या प्रत्येक टोकापासून चासीपर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या चाकांपर्यंत पाहा. कुठे टेकतंय ते कळल्याशिवाय टेप कुठे लावायची ते कळणार नाही.

२. कंगोरे घासून काढा. ओतीव धातूच्या चासीच्या कडांना बारीक कंगोरे राहिलेले असतात. बारीक कानशीने किंवा ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने ते गुळगुळीत करा. ही पायरी टाळून टेपचे चार थर लावले तरी मोटरच्या कंपनाने तो कंगोरा चारही थरांतून वर येतो. धातूचा कीस मोटरमध्ये शिरू शकतो, म्हणून मोटर आधी बाहेर काढून ठेवा.

३. तेल काढा. इंजिनाच्या आत गिअरचं तेल आणि ग्रीस सगळीकडे पसरलेलं असतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापसाच्या काडीने पुसा, दुसऱ्या कोरड्या काडीने पुन्हा पुसा आणि वाळू द्या. टेप सुटण्याच्या तक्रारींत टेपपेक्षा या पायरीचा दोष जास्त असतो. अल्कोहोल बॉडीच्या रंगावर जाऊ देऊ नका.

४. कापा, फाडू नका. टेपचा तुकडा काचेवर हलकेच चिकटवून नव्या ब्लेडने कापा. बोटांनी फाडलेल्या पॉलिइमाइडला कडेला चीर असतेच आणि ती पुढे सरकते. चौकोनी तुकड्याचे चारही कोपरे कात्रीने गोल करा. उचलायची सुरुवात नेहमी टोकदार कोपऱ्यापासून होते.

५. टेप रिळावरून सावकाश सोडवा. पॉलिइमाइड झटक्याने ओढली की तिच्यावर हजारो व्होल्टचा स्थिर विद्युतभार तयार होऊ शकतो. तो तुकडा तसाच उघड्या डिकोडरवर नेला तर चिपला इजा होण्याची शक्यता असते. सावकाश सोडवा, तुकडा आधी चासीवर लावा, आणि डिकोडर हातात घेण्याआधी जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावा. भार न साठणारी टेपही मिळते. ज्यांना पुष्कळ डिकोडर बसवायचे असतात त्यांनी ती घ्यावी.

६. टेप चासीला लावा, मोटरला नव्हे. मोटर पुढेमागे काढावी लागते, ब्रश बदलावे लागतात; चासीतल्या खाचेत लावलेली टेप तशीच राहते. खाचेच्या तळाला एक तुकडा, त्याच्यावर आडवा दुसरा, आणि दोन्ही तुकडे खाचेच्या भिंतींवर दोन-तीन मिलिमीटर चढलेले. लाकडी काडीच्या बोथट टोकाने दाबून बुडबुडे काढा. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, टोचतो.

७. स्क्रू विसरू नका. मोटर धातूच्या स्क्रूने चासीला आवळलेली असेल आणि तो स्क्रू मोटरच्या वीज असलेल्या भागाला लागत असेल, तर खालची टेप कितीही चांगली असली तरी काही उपयोग नाही. तिथे नायलॉनचा स्क्रू घाला. फार आवळू नका. नायलॉनचे आटे लवकर झिजतात.

८. टेपची टोकं फ्लायव्हील (मोटरच्या दांड्यावरचं जड चाक) आणि शाफ्टपासून लांब ठेवा. फिरत्या भागाने एकदा कड पकडली की सगळी टेप गुंडाळली जाते, सोबत वायरही.

डिकोडरभोवती काय गुंडाळावं

शक्यतो काही नाही. बरेच डिकोडर पातळ पारदर्शक स्लीव्हमध्येच येतात. ती काढू नका आणि तिच्यावर आणखी थर चढवू नका. डिकोडरमध्ये एसी स्वरूपात आलेली वीज रेक्टिफायरमधून जाते. साधे सिलिकॉन डायोड असतील तर एका वेळी दोन डायोडवर मिळून साधारण १.४ व्होल्ट पडतात. मोटर अर्धा अँपिअर ओढत असेल तर तेवढ्यातच ०.७ वॅट उष्णता तयार झाली, आणि ट्रान्झिस्टरची वेगळी. बोटाच्या पेराएवढ्या बोर्डाला ती बंद बॉडीत कुठेतरी सोडावीच लागते. भोवती पीव्हीसीचे तीन फेरे घातले की तो तापतो आणि आतलं संरक्षण त्याला बंद पाडतं. इंजिन थोडं चालतं, थांबतं, थंड झाल्यावर पुन्हा चालतं. अशी तक्रार आली की मी आधी डिकोडर कशात गुंडाळला आहे ते पाहायला सांगतो.

डिकोडर उघडा असेल, म्हणजे इंजिनाच्या मूळ सर्किट पट्टीच्या जागी बसणारा, तर टेप डिकोडरला न लावता त्याच्या समोरच्या धातूला लावा. चासीच्या वरच्या भागावर पॉलिइमाइडचा एक थर, आणि बॉडीत धातूचं वजन बसवलेलं असेल तर त्याच्या खालच्या बाजूवर दुसरा. डिकोडर श्वास घेतो आणि काही टेकलंच तर टेपला टेकतं.

दिव्यांच्या ठिकाणी काळी पॉलिइमाइड टेप मिळाली तर उत्तम. प्रकाशही अडतो आणि पातळही असते. ती नसेल तर बॉडीच्या आतून काळा रंग द्या. क्रम मात्र रंग आधी, टेप नंतर असाच ठेवा, कारण सिलिकॉनचा गोंद लागलेल्या जागेवर रंग धरत नाही, त्यात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात. जुन्या इंजिनात तंतूचा बल्ब असेल तर तो एलईडीने बदलणंच चांगलं. अशा बल्बने बॉडीचं प्लास्टिक वितळलेलं दिसतं.

तपासणी

टेप लावून झाली, मोटर बसली, स्क्रू आवळले. आता पुन्हा मोजा, आणि मोजताना मल्टीमीटर बझरवर न ठेवता ओहमच्या मोठ्या रेंजवर ठेवा. बझर काही दहा ओहमच्या आतलं टेकणंच ओळखतो. अर्धवट टोचलेली टेप किंवा कार्बनची पूड त्याला दिसत नाही. मोटरच्या दोन्ही टोकांपासून चासीपर्यंत आणि प्रत्येक बाजूच्या चाकांपर्यंत पडद्यावर ‘ओएल’ किंवा ‘१’ असं अनंत दाखवलं पाहिजे. फ्लायव्हील बोटाने फिरवत, मोटर सगळ्या दिशांनी हलकेच दाबत मोजा. मग बॉडी चढवून, तिचे स्क्रू आवळून शक्य तिथे परत मोजा. मोकळ्या चासीवर ठीक असलेली टेप बॉडीच्या दाबाने टोचली गेल्याचं इथेच कळतं. हे सगळं डिकोडर जोडण्याआधी, कारण नंतर मोजलं तर डिकोडरमधून जाणारी वाटही आकड्यात दिसते.

नंतर डिकोडर जोडा आणि पहिल्यांदा प्रोग्रामिंग ट्रॅकवरच (डिकोडरच्या सेटिंग्ज वाचण्या-बदलण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर) ठेवा. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या मानकानुसार तिथला करंट २५० मिलिअँपिअरपर्यंत मर्यादित असतो, त्यामुळे कुठे टेकत असलं तरी डिकोडर वाचण्याची आशा असते. डिकोडरचा पत्ता वाचता आला तर मुख्य रुळांवर न्या. वाचता आला नाही तर रूळ आणि चाकं पुसून एकदा पाहा. तरीही नाही आला तर इंजिन मुख्य रुळांवर ठेवूच नका, उघडा.

बेसबोर्डखाली आणि बागेत

इथे जागेची अडचण नाही, उष्णताही कमी. बस वायर (बेसबोर्डखालून जाणारी मुख्य वायर) आणि फीडर (तिच्यापासून रुळापर्यंत जाणारी छोटी वायर) यांच्या जोडावर पीव्हीसी टेप चालते, फक्त चांगल्या दर्जाची घ्या; थ्री-एमची सुपर ३३ प्लससारखी १०५ अंशांपर्यंतची टेप साध्या टेपपेक्षा खूप जास्त टिकते. लावताना थोडी ताणून, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर निम्मा चढवत गुंडाळा. शेवटचा अर्धा फेरा मात्र अजिबात न ताणता बसवा. ताणलेलं टोक मूळ लांबीवर परत जायला बघतं आणि झेंड्यासारखं सुटून लोंबतं. दोन शेजारच्या जोडांची उंची वेगवेगळी ठेवा, म्हणजे एखादी टेप सुटली तरी समोर उघडा जोड नसेल.

बागेतल्या रेल्वेला गोंद असलेली कुठलीही टेप फार दिवस पुरत नाही. तिथे स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी किंवा सिलिकॉन टेप घ्या. तिला गोंद नसतो. चांगली ताणून गुंडाळली की तिचे थर एकमेकांत मिसळून एकसंध कवच होतं आणि पाणी आत जात नाही. काढताना ब्लेडने चीर देऊन सोलून काढावी लागते.

पॉवर सप्लायची घरगुती विजेची बाजू हा या सगळ्यातला अपवाद. तिथे व्होल्टेज जीवघेणं आहे आणि कुठलीही टेप हे पुरेसं संरक्षण नाही. वायरचं आवरण फाटलं असेल तर टेप न मारता वायर किंवा अख्खा सप्लाय बदला.

जुन्या इंजिनात पीव्हीसीचा चिकट थर सापडला तर धातूवरून तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो, दोन-तीनदा पुसावं लागतं. बॉडीच्या प्लास्टिकवर थिनर किंवा अ‍ॅसिटोन लावू नका. आधी मऊ लाकडी काडीने जमेल तितकं खरवडा, उरलेल्यावर साबणाचं कोमट पाणी, आणि अल्कोहोल वापरायचंच असेल तर आतल्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात थेंबभर लावून पाहा. पृष्ठभाग पूर्ण वाळल्यावरच नवी पॉलिइमाइड लावा.